बैठकीच्या खोलीतल्या रेकॉर्ड प्लेअरसाठी कार्ट्रिज कशी निवडावी

परभणीच्या आमच्या घरात टेप आला तसा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर गेला, आणि वडिलांच्या रेकॉर्ड लोखंडी पेटीत. पंचवीस-तीस वर्षांनी दोन्ही खाली उतरवलं. धूळ पुसली, वायर जोडली, तबकडी फिरायला लागली, आवाज मात्र लांबच्या विहिरीतून यावा तसा. हा अनुभव मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत सध्या येतोय. "प्लेअर चांगला आहे, पिन तेवढी बदला," असं कुणीतरी सांगतं आणि मग खरी अडचण सुरू होते, कारण कोणती पिन, हे सांगणारं दुकान जिल्ह्याच्या ठिकाणीही सापडत नाही.

सुई, ती सुई धरणारी बारीक दांडी, आणि सुईच्या थरथरण्याची वीज करणारी डबी, या सगळ्याला मिळून कार्ट्रिज म्हणतात. रेकॉर्डच्या खाचेला प्रत्यक्ष शिवणारी सबंध घरातली ही एकच वस्तू. म्हणून ती निवडताना माझा पहिला प्रश्न "आवाज कसा आहे" हा नसतो. घरात प्लेअरला कोण कोण हात लावतं आणि पेटीत कोणत्या रेकॉर्ड आहेत, हे मी आधी विचारतो. एकट्या शौकिनाच्या बंद खोलीतली कार्ट्रिज वेगळी. जिथे आई सकाळी अभंग लावते, लेकरं झाकण उघडून बघतात आणि पाहुणे आले की कुणीही उठून रेकॉर्ड बदलतं, तिथली वेगळी.

आधी पेटी उघडा

प्लेअरकडे नंतर बघू. रेकॉर्डचे ढीग करा. जड, काळ्या, पडल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असलेल्या दहा इंची तबकड्या वेगळ्या काढा. त्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. दुसरा ढीग प्लास्टिकच्या, म्हणजे व्हायनिलच्या रेकॉर्डचा. त्यात मोठ्या एलपी ३३ फेऱ्यांच्या (नेमकं सांगायचं तर ३३ १/३) आणि लहान ईपी बहुतेक ४५ च्या.

हे वेगळं करणं इतकं महत्त्वाचं का? ७८ च्या खाचेसाठी सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचं लागतं, एलपीच्या गोल सुईचं १८ मायक्रॉनच्या आसपास असतं. एलपीची सुई ७८ च्या खाचेत टेकली की ती भिंतींना न शिवता तळात लोळते. तिथे पन्नास-साठ वर्षांची धूळ आणि मागच्या पोलादी पिनांनी खरवडलेला चुरा साचलेला असतो. आवाज खरखरीत येतो आणि सुईची दुर्दशा होते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर टेकवली तर एलपी कायमची जाते. एकाच कार्ट्रिजवर दोन्ही वाजवायचं असेल तर सुई बदलता येईल अशीच कार्ट्रिज हवी. प्लेअरलाही ७८ चा वेग हवा. आजच्या बऱ्याच प्लेअरना तो नसतो.

व्हायनिलच्या ढिगात लेबलवर 'स्टिरिओ' लिहिलंय का तेही बघा. साठच्या दशकातल्या आपल्याकडच्या बऱ्याच रेकॉर्ड मोनो आहेत. मोनो रेकॉर्ड आजच्या स्टिरिओ कार्ट्रिजवर खुशाल वाजवा. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा, खरखर बरीच कमी होते. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, वरखाली हालचालीत निव्वळ कचऱ्याचा आवाज असतो, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की तो वरखालीचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो.

प्लेअर कोणती कार्ट्रिज घेतो

आर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा प्लेअरचा लांब दांडा. त्याच्या टोकाकडे बघा. दोन उभे स्क्रू आणि मागे चार रंगीत वायरी दिसल्या तर तुमचं नशीब चांगलं आहे. ही अर्ध्या इंचाची बैठक, म्हणजे दोन स्क्रूंमध्ये १२.७ मिलिमीटर अंतर. जगातल्या बहुतेक कार्ट्रिज तिथे बसतात. स्क्रू एकच आणि तोही आडवा, कार्ट्रिज प्लगसारखी सरळ आत सरकलेली असेल तर ती पी-माउंट. १९७९ मध्ये टेक्निक्सने ही पद्धत आणली. तिच्यात वजन आणि दाब, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती ग्रॅमनं टेकते ते, ठरलेलं असतं, म्हणून जुळवाजुळव जवळजवळ नाही, पण निवडही थोडीच.

तिसरा प्रकार सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये दिसतो. प्लास्टिकचा आर्म, त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (चुंबकाऐवजी, दाबला की वीज देणारा तुकडा असलेली), आणि खाली बहुधा लाल सुई. हिचा दाब पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे चांगल्या कार्ट्रिजच्या अडीच-तीन पट. मागे सरकवायचं वजन नसतं, त्यामुळे दाब कमी करायची सोय नाही. अशा प्लेअरमध्ये महागडी कार्ट्रिज बसवायच्या मागे लागू नका. सुई नवी ठेवा, वडिलांच्या जपलेल्या रेकॉर्ड त्यावर लावू नका, आणि पैसे साठवून मागे वजन असलेला प्लेअर घ्या.

जुन्या एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीतही सिरॅमिक किंवा तिच्यासारख्याच क्रिस्टल जातीची कार्ट्रिज, म्हणजे डोकं, असे. आत्ता मिळणाऱ्या बहुतेक कार्ट्रिज या पेट्यांना चालत नाहीत, कारण त्यांच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर शेकडो मिलिव्होल्टची अपेक्षा धरून केलेला असतो. आठवण म्हणून ती पेटी जपा, रोज ऐकायला दुसरा प्लेअर ठेवा. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

एमएम की एमसी

कुटुंबाच्या खोलीसाठी मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम. हे मी ठामपणे सांगतो. हिच्यात दांडीच्या मागच्या टोकाला बारीकसं चुंबक असतं, ते हलतं आणि आजूबाजूच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळतात, आणि मुख्य म्हणजे सुई आपल्या बोटांनी ओढून काढता येते, नवी सरकवता येते. मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसीमध्ये चुंबक जागेवर आणि वेटोळं हलतं. आवाजाची बारकाई काही जणांना त्यात जास्त सापडते, पण बऱ्याच एमसीचं आउटपुट अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असतं, ही बारीक वीज मोठी करणारा प्रीअ‍ॅम्प वेगळा लागतो, आणि सुई मोडली तर सबंध कार्ट्रिज कारखान्याकडे पाठवावी लागते किंवा बदलावी लागते. डेनॉनची डीएल-१०३ साठच्या दशकापासून आजपर्यंत चालत आलेली नावाजलेली एमसी आहे. तिचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. ज्या घरात लहान लेकरू आहे तिथे मी ती सुचवणार नाही.

हे मी अनुभवानं बोलतोय. खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. विळी, शिलाई मशीन, वडिलांचं जुनं टायपिंग मशीन, आणि त्या वर्षीपासून रेकॉर्ड प्लेअरही. आईनं मनोभावे हळद-कुंकू वाहिलं, तबकडीवर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी फूल उचललं आणि सांडलेलं कुंकू मऊ फडक्यानं पुसायला गेलो. फडक्याचा एक सुटा दोरा दांडीत अडकला. मला फक्त कट् असा आवाज आला. दांडी केसाएवढी जाड, काटकोनात वळलेली. कार्ट्रिज एमएम होती म्हणून नवी सुई मागवली आणि आठ दिवसांत गाणं परत सुरू झालं. एमसी असती तर दिवाळी मुकी गेली असती. तेव्हापासून पूजेच्या आदल्या रात्री मी सुईला झाकण लावतो आणि फूल आईच्या हातूनच प्लेअरच्या वरच्या झाकणावर ठेवून घेतो.

फोनोचं भोक आहे का

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जागा शोधा. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि बारीक सूर वाढवलेले असतात. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) प्रमाणानुसार फोनो प्रीअ‍ॅम्प ते पुन्हा सरळ करतो, आणि मिलिव्होल्टचा आवाज मोठाही करतो. फोनोची जागा नसेल तर वेगळा छोटा प्रीअ‍ॅम्प घ्यावा लागेल, किंवा प्लेअरमध्येच तो आहे का बघा. दोन्हीकडे असेल तर एकच चालू ठेवा. आवाज फाटलेला आणि ढोलासारखा आला तर दोन्ही चालू आहेत असं समजा.

प्लेअरमधून निघणारी एकटी पातळ वायर अर्थिंगची असते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूखाली घट्ट बसवा. तरी घूं-घूं राहिली तर घराचं अर्थिंग तपासा. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर घूं-घूं गेल्याचं मी लातूरला नात्यातल्या एका घरी पाहिलंय. लाईट गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर प्लेअर लावला की वेगळाच भुणभुणाट येतो. तो कार्ट्रिजचा दोष नव्हे.

सुईचं टोक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गोल टोक, म्हणजे कॉनिकल. बॉलपेनच्या टोकासारखं. खाचेच्या दोन्ही भिंतींना दोन ठिपक्यांवर शिवतं. बसवण्यात थोडी चूक झाली तरी सांभाळून घेतं, स्वस्त असतं. लंबगोल, म्हणजे इलिप्टिकल. समोरून रुंद, बाजूने अरुंद, त्यामुळे खाचेतल्या बारीक वळणात शिरतं. याच्या पुढे शिबाटा, मायक्रोलिनिअर अशी धारदार टोकं. ती भिंतीला उभ्या रेषेत शिवतात, जास्त बारकावा काढतात, जास्त टिकतात, पण बसवताना अर्धा अंश चुकलं तरी कुरकुर करतात.

फरक कुठे ऐकू येतो, ते सांगतो. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर पळते. शेवटच्या गाण्याशी, लेबलजवळ, तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे तेवढेच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले. गोल टोक त्या दाटीत शिरू शकत नाही, म्हणून बाजू संपत आली की 'स', 'श', 'च' फुटायला लागतात. अभंगांच्या रेकॉर्डवर हे लगेच कळतं. पहिल्या अभंगातले टाळ काशाचे वाटतात, शेवटच्या अभंगातले टाळ पत्र्याचे. ज्या घरात भजनं, नाट्यगीतं, सनई भरपूर ऐकतात तिथे लंबगोल टोक घ्या. थोडे पैसे जास्त पडले तरी.

आता जुन्या, झिजलेल्या रेकॉर्डचं. आपल्या पेट्यांमधल्या बहुतेक एलपी कधी काळी जड डोक्याखाली वाजलेल्या असतात. त्या डोक्याच्या गोल सुईनं भिंतीवर ठरावीक उंचीला पट्टा खरवडून ठेवलेला असतो. नवी गोल सुई नेमकी त्याच पट्ट्यावर चालते. धारदार टोक त्या पट्ट्याच्या वर-खाली, न झिजलेल्या भागालाही शिवतं, आणि कधी कधी मेलेली वाटणारी रेकॉर्ड बोलायला लागते. कधी कधी उलटही होतं: खोलवरचा कचरा उकरला जातो आणि खरखर वाढते. याला नियम नाही. पेटीतल्या बहुतांश रेकॉर्ड झिजलेल्या असतील तर लंबगोलपासून सुरुवात करा. पुढे त्याच डबीवर वरची सुई लावून बघता येईल अशी मालिका निवडा.

'बाँडेड' आणि 'न्यूड' हे शब्दही दिसतील. बाँडेडमध्ये धातूच्या खुंटीवर हिऱ्याचा कण चिकटवलेला असतो, न्यूडमध्ये अख्खी खुंटीच हिऱ्याची. न्यूड हलकी, म्हणून चपळ. पहिल्या कार्ट्रिजला बाँडेड पुरते.

आर्म आणि कार्ट्रिजचं जमतं का

सुईची दांडी रबरावर टेकलेली असते. रबर म्हणजे स्प्रिंग, आर्म आणि कार्ट्रिज मिळून वजन. दोन्हींची मिळून एक स्वतःची थरथर असते आणि ती ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये हवी. त्याहून खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर आणि खोलीत कुणी धावलं की आर्म डोलतो. वर गेली तर गाण्याच्या खर्जात मिसळायला लागते.

हिशेब सोपा आहे. आर्मचं प्रभावी वजन (हलताना सुईला जाणवणारं), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सनं, म्हणजे सुईमागचं रबर किती लवचीक आहे त्या आकड्यानं, गुणा. वर्गमूळ काढा. १५९ ला त्यानं भागा. उदाहरणार्थ, १२ ग्रॅमचा आर्म, ७.२ ग्रॅमची ऑर्टोफॉन टूएम रेड, स्क्रू पाऊण-एक ग्रॅम, म्हणजे २०. कम्प्लायन्स २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर सुमारे ८. चालतं, पण कडेवर. जपानी कंपन्या कम्प्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात, तो आकडा दीड ते दोन पट करून धरायचा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ची कम्प्लायन्स अशी ७ दिलेली आहे, म्हणजे साधारण १२ धरा. वजन ६.१ ग्रॅम. त्याच आर्मवर उत्तर साडेदहाच्या आसपास येतं. आर्मचं वजन कुठेच सापडलं नाही तर मध्यम आर्म १० ते १५ ग्रॅमचा असतो एवढं धरून चाला.

जुन्या माळवदाच्या घरात लाकडी माडीवर प्लेअर असेल तर हा आकडा जास्त जपा, कारण तिथे प्रत्येक पाऊल सुईपर्यंत पोचतं. उत्तम जागा म्हणजे भिंतीत बसवलेली कडप्प्याची फळी. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात ती असते. भिंतीतली असल्यामुळे जमिनीची हालचाल तिच्यापर्यंत येत नाही. फळी नसेल तर टेबलावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि खाली रबराच्या जाड चकत्या. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका.

मी कोणती घेईन

दोन स्क्रूंची बैठक असलेल्या साध्या, चांगल्या प्लेअरसाठी ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई. लंबगोल टोक, ४ मिलिव्होल्ट, दाब २ ग्रॅम. हिचं मोठेपण तिच्या भावंडांत आहे: त्याच डबीवर गोल, न्यूड लंबगोल, मायक्रोलिनिअर, शिबाटा आणि ७८ साठीची जाड सुईसुद्धा सरकवता येते. ज्या पेटीत लाखेच्या रेकॉर्डही आहेत तिथे मला हिच्याइतकी सोयीची दुसरी दिसत नाही. ७८ ची सुई लावल्यावर दाब बदलावा लागतो, तो सुईबरोबरच्या कागदावर दिलेला असतो.

टूएम रेड आवाजाला जरा मोकळी, ५.५ मिलिव्होल्टची, दाब १.८ ग्रॅम. नंतर तिच्याच डबीवर वरच्या टूएम ब्लूची सुई बसते. डबी थोडी जड आणि उंच असल्यामुळे काही आर्मवर मागचं वजन किंवा उंची पुरत नाही, एवढं आधी बघून घ्या. स्क्रू-वायरींची भीती वाटत असेल आणि हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज धरणारा भाग, पिळून निघणारं असेल तर ऑर्टोफॉनची कॉन्कॉर्ड घराण्यातली कार्ट्रिज आर्मला सरळ पिळून बसते.

ज्यांच्या प्लेअरवर ऑडिओ-टेक्निकाची एटी३६००एल आहे त्यांनी लाजायचं कारण नाही. गोल टोक, दाब ३ ग्रॅमच्या आसपास, मजबूत, सुई स्वस्त. आठ-दहा वर्षांच्या लेकराला रेकॉर्ड लावायला शिकवायचं तर यासारखी दुसरी नाही.

शुअरच्या जुन्या कार्ट्रिजचं नाव अजून निघतं. २०१८ मध्ये त्या कंपनीनं कार्ट्रिज करणं थांबवलं. घरात असेल तर जरूर वापरा, नवी म्हणून शोधत बसू नका.

विकत घेताना

एकदा मी घाईत एका विक्रेत्याकडून 'अस्सल' म्हणून सुई मागवली. डबी हुबेहूब, आत दांडी एका बाजूला कललेली, आणि भिंगातून पाहिलं तर टोकावर चकाकणारा गोंदाचा गोळा. परत घ्यायला त्यानं नकार दिला. तेव्हापासून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याचं बिल असल्याशिवाय मी सुई घेत नाही, आणि पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करतो.

'न वापरलेला जुना माल' म्हणून येणाऱ्या चाळीस वर्षांच्या कार्ट्रिजपासूनही जपा. सुई वापरली गेली नसेल, पण रबर म्हातारं झालेलं असतं. आपल्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत गोदामात पडून राहिलेलं रबर कसं झालं असेल ते सांगायला नको.

खर्चाचा हिशेब करताना कार्ट्रिजच्या किमतीत एक जास्तीची सुई आणि दाब मोजायचा काटा आधीच धरा. स्वस्त श्रेणीत नुसती सुई कार्ट्रिजच्या निम्म्याहून जास्त किमतीला पडते. हा आकडा झेपत नसेल तर एक पायरी खालची कार्ट्रिज घ्या.

बसवणं

दुपार निवांत काढा, पंखा बंद, जमिनीवर पांढरी चादर. स्क्रू पडला तर चादरीवर दिसतो.

सुईचं झाकण लावलेलंच ठेवा. वायरी चिमट्यानं त्यांच्या टोकांवरच्या बारीक नळीला धरून ओढा, वायरीला धरून कधीच नाही, त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या तुटतात. लाल उजवीकडची, तिची जोडीदार हिरवी. पांढरी डावीकडची, जोडीदार निळी. कार्ट्रिजच्या मागे त्याच रंगांचे ठिपके असतात. नळी सैल वाटली तर लाकडी दातकोरणीवर घालून चिमट्यानं हलकेच दाबा, घट्ट वाटली तर त्याच दातकोरणीनं थोडी उघडा. जबरदस्ती केली तर खुंटी आतून तुटते.

स्क्रू अर्धवट पिळा, कार्ट्रिज पुढे-मागे सरकली पाहिजे. आता झाकण काढा, दाबाची तबकडी शून्यावर, अँटिस्केट (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेला ताण) शून्यावर, आणि मागचं वजन फिरवत आर्म हवेत तरंगेल असा करा. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या, बाहेर, रेकॉर्डच्या उंचीला. मग फक्त आकड्यांची तबकडी शून्यावर आणून पूर्ण वजन हव्या त्या ग्रॅमपर्यंत फिरवा.

त्या आकड्यावर विसंबू नका, काट्यावर मोजा. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा बाजारात सहज मिळतो. दोन गोष्टी मात्र बघा. काट्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजचं चुंबक त्याला खेचतं आणि आकडा खोटा येतो. ताट उंच असेल तरी खोटा येतो, मोजणी रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या उंचीला व्हायला हवी. सुयांसाठीच केलेला काटा मिळाला तर दोन्ही प्रश्न मिटतात.

दाब किती? कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेतला मधला किंवा किंचित वरचा. 'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून दाब कमी ठेवणारे पुष्कळ लोक भेटतात, आणि तेच रेकॉर्ड खराब करतात. हलकी सुई खाचेत टिकत नाही, उड्या मारते, आणि हिऱ्याच्या प्रत्येक उडीचा टोला भिंतीवर बसतो. २ ग्रॅम सांगितले असतील तर २ ठेवा, दीड नको.

आता प्रोट्रॅक्टर, म्हणजे रेघांचा कागद. छापून घेतला असेल तर आधी पट्टीनं मोजा, छपाईत कागद लहान-मोठा झाला तर सगळं चुकतं. त्यावर दोन जागा असतात, प्रचलित पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. सुई पहिल्या ठिपक्यावर टेकवा, डबीच्या कडा रेघांना समांतर करा, मग दुसऱ्या ठिपक्यावर तपासा. एक जमलं की दुसरं बिघडतं, असं पाच-सहा वेळा होईल. दोन्हीकडे समांतर आल्यावर स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळा आणि पुन्हा एकदा तपासा, कारण आवळताना डबी वळते.

समोरून बघा. सुई खालच्या रेकॉर्डवर सरळ उभी हवी, तिचं प्रतिबिंब त्याच रेषेत. बाजूने बघा, डबीची वरची कड रेकॉर्डला समांतर. अँटिस्केट दाबाच्या आकड्याएवढं लावून सुरुवात करा.

ऐकून तपासा

घरच्या माहितीच्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं लावा. त्यात टाळ, झांज किंवा बाईमाणसाचा चढा सूर असेल तर उत्तम. फक्त उजवीकडे फुटतंय तर अँटिस्केट किंचित वाढवा, फक्त डावीकडे तर कमी करा. दोन्हीकडे फुटतंय तर दाब पाव ग्रॅमच्या आत वाढवून बघा, पण मर्यादेच्या बाहेर नको. तरीही फुटलं तर दुसरी, कमी वाजलेली रेकॉर्ड लावा. तिच्यावर साफ आलं, तर पहिली रेकॉर्डच झिजलेली आहे.

नव्या सुईचं रबर पहिले वीस-तीस तास जरा ताठ असतं. त्या आधीच निकाल देऊ नका.

धूळ, ऊन आणि घरातली माणसं

आपल्याकडची मार्च ते मेची धूळ सुईची सगळ्यात मोठी वैरी. प्रत्येक बाजूच्या आधी कार्बनचा ब्रश रेकॉर्डवर फिरवा. सुई मात्र छोट्या मऊ ब्रशनं, मागून पुढे, आर्मकडून टोकाच्या दिशेनं. आडवं किंवा उलटं कधीच नाही, आणि बोटानं तर नाहीच. रेकॉर्ड धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, तळाशी पांढरे क्षार बसतात आणि तेच सुईला कुरतडतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका: सुतार लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, तेच तुमच्या तबकडीचं होईल.

दुपारच्या उन्हाची तिरीप प्लेअरवर येणार नाही अशी जागा निवडा. तापलेल्या रबरानं सुई मऊ पडते, आणि बंद झाकणाखाली रेकॉर्ड पापडासारखी वळते.

आर्म हातानं टेकवायचा नाही, बाजूची कळ वापरायची, हा घरातला एकमेव कडक नियम ठेवा. माझ्या मुलीला मी आधी कळ शिकवली, मग रेकॉर्ड कडेनं धरायला. आता पाहुण्यांना तीच सांगते.

सुई झिजली हे कानाला हळूहळू कळतं, म्हणून कळतच नाही. तासांची नोंद ठेवा. ऑडिओ-टेक्निका आपल्या गोल सुईला साधारण ५००, लंबगोलला ३००, शिबाटाला ८०० आणि मायक्रोलिनिअरला १००० तास धरते. चाळीस मिनिटांची एलपी धरली तर ३०० तास म्हणजे ४५० रेकॉर्ड. आठवड्याला पाच वाजत असतील तर पावणेदोन वर्षं. आमच्याकडे प्लेअरशेजारी जुनी डायरी आहे, रेकॉर्ड संपली की जो उठेल तो एक रेघ मारतो. चारशे रेघा झाल्या की मी सराफाचं दहापट भिंग आणि टॉर्च घेऊन बसतो. नव्या सुईचं टोक प्रकाशात एकच ठिपका चमकवतं. झिजलेल्या टोकाच्या दोन्ही अंगांना सपाट, आरशासारखे तुकडे चमकतात. ते दिसले की त्या दिवसापासून ती सुई बंद, आणि कडप्प्याच्या फळीवर मागच्या बाजूला ठेवलेली नव्या सुईची डबी उघडायची. ती उघडली त्याच संध्याकाळी पुढची मागवून ठेवा.